सुई शांत होती

शकू, माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही. मी तुझा थोरला भाऊ, त्यात आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकली, त्यामुळं राग गिळायची सवय नाही. तुझ्या तेराव्याला मळ्यात पंगत बसली होती. जो तो तुझी हुशारी आळवत होता, तुझा साधेपणा आळवत होता, आणि मी वरणाची बादली हातात धरून आतल्या आत धुमसत होतो. तुझ्या वहिनीनं ओळखलं. "बहिणीच्या तेराव्याला तरी तोंड सरळ ठिवा," म्हणाली. ठेवणार कसं? त्याच सकाळी तुझी विद्यार्थिनी फरहीन तुझी पत्र्याची पेटी घेऊन हैदराबादहून आली होती, आणि पेटीच्या तळाशी आपली जुनी वही निघाली होती.

वहीचं पुढं सांगतो. त्याआधी एक कबुली आहे. ती अडतीस वर्षं माझ्या घशात अडकलेली आहे. पुढच्या खेपेला शकू आली की सांगू, असं मी दर खेपेला म्हणायचो. तू यायचीस, चार दिवस राहायचीस, आपण राजकारणावर भांडायचो, आणि तुझी एसटी निघून जायची. आता पुढची खेप नाही.

तुझं काम गावाला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मं मलाही नाही. गावासाठी तू मशीनवाली बाई. जमिनीच्या पोटातलं बघते म्हटल्यावर जो तो विचारायचा, मग आमच्या वावरात पाणी किती हातावर आहे सांग की. तू हसायचीस. मीही विचारलं होतं एकदा, वैतागून. तेव्हा म्हणालीस, "दादा, लई वरचं इचारतो तू. माझं काम तिथून खाली पाच-सहा हजार किलोमीटरवर." मला तेव्हा राग आला होता. तुझी वहिनी रोज पाऊण कोसावरून हंडे आणत होती, आणि माझी सख्खी बहीण मला पृथ्वीच्या मध्यबिंदूच्या गोष्टी सांगत होती.

लहानपणापासून तुझं हेच. मी शाळेत उर्दूत अलिफ-बे गिरवत होतो, तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली आणि वरच्या वर्गात गेलो तर फळ्यावर मराठी. तू त्यानंतरची, तुझ्या वाटेला पहिल्यापासून मराठी आली आणि सगळे प्रश्नही मराठीतच आले. खाली खणत गेलं तर काय लागतं? मी म्हणायचो, मुरूम. त्याच्या खाली? काळा पाषाण. त्याच्या खाली? पाताळ, आणि आता गप बस. तू गप बसली नाहीस. औरंगाबादच्या कॉलेजात जाताना आबांनी आडवा पाय घातला, तेव्हा आबांशी भांडलो तो मीच. ते उपकार म्हणून सांगत नाही. पुढं मी काय केलं ते वाचताना तुला तेवढं आठवावं, म्हणून सांगतो.

मग एक दिवस तू जीप घेऊन आलीस. खुलताबादच्या वरच्या अंगाचं आपलं वावर तुला पसंत पडलं. एकसंध काळा पाषाण, सडक लांब, रेल्वे लांब, माणसांची वर्दळ नाही. वावराच्या कोपऱ्यात अर्धी जमिनीत बुडालेली दगडी खोली बांधली गेली आणि तिच्यात तुझं यंत्र बसलं. गोल फिरणारा एक ड्रम, त्याच्यावर गुंडाळलेला कागद आणि कागदावर शाईची रेघ ओढत जाणारी सुई. जमीन हलली की रेघ हलायची. कागद रोज सकाळी आठला बदलायचा. ते काम तू माझ्यावर टाकलंस. शाळेत जाण्याआधी कागद, मग शाळा. इतकी वर्षं मी ते काम केलं, तापात केलं, आबा गेले त्या दिवशीही केलं.

तुला हीच जागा का हवी होती, ते तू मला आंबा कापून सांगितलंस. आंब्यात कोय आणि कोयीत गिरी, तशी पृथ्वीच्या गाभ्यातही आणखी एक गिरी असेल का, हा तुझा प्रश्न. तिथं कोणाला जाता येणार नाही. पण मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीतून आरपार जातात, आणि नेमक्या मध्यातून गेलेली लाट बरोबर समोरच्या बाजूलाच बाहेर पडते. आपल्या वावराच्या बरोबर समोर, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, समुद्र आहे. त्या समुद्राच्या तळाशी अधूनमधून भूकंप होतात, पण बहुतेक बारके. तिथं एक मोठा झाला, की त्याची लाट गाभ्याच्या मधोमध घुसून वीसेक मिनिटांत आपल्या खोलीतल्या सुईखाली येणार. "अशी एक रेघ मिळाली ना दादा, तर मी बाकी काय मागणार नाय," म्हणाली होतीस. त्या रेघेची तू अकरा वर्षं वाट पाहिलीस. मीही पाहिली, हे तू मान्य करायला हवंस.

वहीची कल्पना मात्र माझी. बैल उधळला, मळणी चालली, शेजारच्या वस्तीवर लग्नाचा बँड वाजला, तरी सुई थरथरायची आणि तुला हैदराबादला कागद वाचताना डोकं धरून बसावं लागायचं. मी म्हटलं, माझ्या वर्गात काच फुटली की फोडणारा स्वतः उभा राहून कबूल करतो, मी नाव शोधत बसत नाही. इथंही तेच करू. खोलीच्या दाराआड खिळ्याला वही टांगली. चार रकाने आखले. दिवस, वेळ, काय झालं, सही. ज्यानं जमीन हलवली त्यानंच सही करायची, दुसऱ्यानं त्याच्या नावावर करायची नाही. तुझ्या वहिनीनं उखळात कांडलेल्या मिरच्यांपासून भद्रा मारुतीला निघालेल्या श्रावणातल्या गर्दीपर्यंत सगळं त्या वहीत आहे. गर्दीच्या वतीनं कोण सही करणार यावर आपण तासभर वाद घातला होता. शेवटी मी म्हटलं, मीही त्या गर्दीत चाललोय, मी करतो.

आणि मग विहीर. पाणाड्या आला, तळहातावर नारळ घेऊन सगळं वावर फिरला, आणि नारळ उभा राहिला तो यंत्राच्या खोलीपासून दोनशे पावलांवर. तू आखून दिलेली हद्द पाचशे पावलांची. तू म्हणालीस दुसरीकडं बघा. दुसरीकडं बघितलं, कोरडं निघालं. तीन उन्हाळे असे गेले. तुझ्या वहिनीच्या डोक्यावरचा हंडा काही उतरला नाही. शेवटी तू ऐकलंस, पण अटी घालून. हातानं खोदायचं, पहारीनं आणि घणानं. मोटार बसवायची नाही. सुरुंग तर लावायचाच नाही. "एकदा बी नाय," म्हणालीस. मी शब्द दिला.

मुरूम निघाला तोवर सगळं सरळ झालं. खाली काळा पाषाण लागला. खोदणारे पंधरा दिवस घण मारत होते आणि वीतभर खाली गेले नाहीत. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "गुरुजी, एक बार टाकू द्या. तुमची बहीण हिथं नाय, तिला कोन सांगणार हाय?" तू हैदराबादला होतीस. मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी व्हय म्हणालो.

आता नीट ऐक, शकू, कारण हेच मला सांगायचं आहे. मी बेफिकीर नव्हतो. मी आधी खोलीत गेलो. सुईसमोर पाटावर बसलो आणि अर्धा तास तिच्याकडं बघत राहिलो. रेघ सरळ होती, केसभर हलत नव्हती. मी मनाशी म्हटलं, सगळी पृथ्वी शांत आहे, आता एक बार टाकला तर काय बिघडतं? बाहेर आलो. खोदणाऱ्यांनी भोकांत सुरुंगाचे तोटे भरले, मी लाल फडकं घेऊन बांधावर उभा राहिलो, तिकडच्या गुराख्याला ओरडून लांब घालवलं आणि हात वर केला.

मी पोरांना भूगोल शिकवला. लाटेला वीस मिनिटं लागतात हे तू मला आंबा कापून सांगितलं होतंस. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही, की सुई शांत आहे म्हणजे लाट अजून पोचली नाही, एवढंच. मी पाटावर बसून सुई बघत होतो, तेव्हाच समोरच्या समुद्राखाली जमीन फाटली होती. मी फडकं घेऊन उभा होतो, तेव्हा ती लाट माझ्या पायाखालून वर येत होती.

बार झाला. पाषाण फुटला आणि पाणी लागलं. सगळे विहिरीत वाकले होते. तुझी वहिनी रडली, तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोलीची आठवण मला ऊन कलल्यावर झाली. जाऊन पाहतो तर सुई धक्क्यानं कागदावरून उडून बाजूला लोंबत होती. ड्रम फिरत होता आणि त्याच्यावर कोरा कागद. मी सुई परत जागेवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. एसटीच्या थांब्यापासून पळत आलीस. चाळिशीला टेकलेली बाई, हातात पिशवी, पायात चपला की नाही ते कळेना. लांबूनच ओरडत होतीस. "दादा! समोरचा आला! ह्यो आलाच! कागद कुठंय?" दुसरीकडच्या यंत्रांवरून तुला भूकंप कळला होता. तुझं तोंड त्या दिवशी जसं होतं, तसं मी ना त्याआधी पाहिलं ना त्यानंतर. मी कागद दिला. तू रेघेवर बोट ठेवून पुढं पुढं गेलीस आणि बोट थांबलं.

"काय झालं हितं?"

"डोंगरापल्याडच्या खाणीवाल्यानं मोठा बार टाकला असंल," मी म्हणालो.

"तू कुठं होता?"

"म्या शाळेत होतो. मला काय ठावं."

वैशाखात शाळेला सुट्टी असते, शकू. हे माझ्या ध्यानात आलं ते रात्री जेवताना.  तू मात्र तेव्हाच विहिरीपाशी गेलीस, कडेला बसलीस आणि आत वाकून पाषाणातल्या एका अर्धगोल खाचेवरून बोट फिरवत राहिलीस. सुरुंगाच्या भोकाची खाच तशीच दिसते, हे मला पुढं कधी तरी कळलं. मग तुझ्या वहिनीनं दिलेला तांब्या तोंडाला लावलास आणि म्हणालीस, "पाणी चांगलंय." तिथून खोलीत गेलीस, पर्समधून पेन काढून वहीत काही तरी लिहिलंस, वही तशीच उघडी खिळ्याला अडकवलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस.

मी वहीला हात लावला नाही. रोज सकाळी कागद बदलायचो आणि दाराकडं पाठ करून उभा राहायचो. त्या पावसाळ्यात बैल उधळले, वीज पडली, माझ्या हातून एक ओळ लिहिली गेली नाही. दिवाळीला तू आलीस, वही काढून पाहिलीस आणि पिशवीत टाकलीस. खिळ्याला नवी वही लावलीस. मी वर तोंड करून तुला म्हणालो, "अर्धी कोरी वही कामून काढली? कागद काय फुकट येतो का?" तू म्हणालीस, "भरली ती." तुझे शहरी नखरे म्हणून मी तुझ्या वहिनीपाशी कुरकुरलो सुद्धा.

समोरचा तेवढा मोठा भूकंप पुन्हा झाला नाही. तू निवृत्त होईपर्यंत झाला नाही. बारके झाले, तू त्यांच्यावर काम रेटलंस. पुढं दुसऱ्या देशातल्या कोणी तरी दुसऱ्या जागेवरून त्याच प्रश्नावर लिहिलं आणि त्याचं नाव झालं. तू ते मला वाचून दाखवलंस, चांगलं लिहिलंय म्हणालीस. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मात्र लोक माझ्या दारात येऊन विचारायला लागले, तुमची बहीण एवढी मशीनवाली, तिनं आधी सांगितलं कसं नाय? मी काठी घेऊन अंगावर गेलो होतो त्यांच्या. आमची बहीण भूकंपाची भविष्यं सांगत नाही, ती पृथ्वीचा गाभा वाचते, आणि तो वाचताना तिचा एकच कागद महत्त्वाचा होता. एवढं बोलून मी थांबलो. पुढचं वाक्य तेव्हाही बोललो नाही.

तेराव्याच्या सकाळी, पंगती बसण्याआधी, फरहीन माझ्याजवळ बसली. मला मामा म्हणते ती. तिनं बारक्या भूकंपांवरचा तुझा लेख उघडून एक ओळ मराठीत सांगितली. समोरच्या त्या मोठ्या भूकंपाची खुलताबादची नोंद उपलब्ध नाही, एवढंच. कारण दिलेलं नाही. शेवटी आभार, आणि त्यात माझं नाव, कारभारी. रोजच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्याबद्दल. "मामा, मॅडमके हर पेपर में आपका नाम है," ती कौतुकानं म्हणाली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग तिनं पेटीच्या तळातून वही काढून हातात दिली. "ये मॅडम ने अलग रखी थी. बोले थे, दादा को देना." शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. तुझं अक्षर. वैशाखातला तो दिवस, दुपारची वेळ. 'सुरुंग, आपल्या विहिरीत. सुई उडाली. समोरच्या भूकंपाची नोंद नाही.' आणि सहीचा रकाना कोरा. आधीच्या पानांवर एकही ओळ सहीवाचून नाही, म्हशीनं दावं तोडलं त्याचीसुद्धा आहे. त्या ओळीच्या खाली सगळी पानं कोरी.

मला पहिल्यांदा लाज वाटली नाही, राग आला. तुला त्या दिवशीच कळलं होतं. अर्ध्या तासात. वैशाखापासून दिवाळीपर्यंत तू ते पान दाराआड उघडं ठेवलंस आणि मी माझा माझा उभा राहतो का, याची वाट पाहिलीस. माझाच नियम माझ्यावर लावलास. अगं, पण मी काय दहा वर्षांचं पोर होतो? एक कानाखाली मारायची होतीस. भांडायचं होतंस, चार वर्षं अबोला धरायचा होतास, आबांच्या फोटोसमोर उभं करून विचारायचं होतंस. मी दोन दिवसांत कबूल झालो असतो. आता हे लिहिताना वाटतं, नसतो झालो. आणखी एक खोटं बोललो असतो, शाळेपेक्षा मोठं. ते तुला माहीत होतं आणि म्हणूनच तू विचारलं नाहीस का, हे मला विचारायचं आहे, आणि आता कोणाला विचारू?

विहिरीवर मी आजतागायत मोटार बसवली नाही. रहाटानंच शेंदतो. पोरगा बिडकीनच्या कारखान्यात जातो, घरात सगळं विजेवर चालतं, आणि पाणी तेवढं हातानं. तो चिडतो. त्याला वाटतं म्हातारा हट्टी आहे. अडतीस वर्षं तू दर खेपेला त्या विहिरीचं पाणी पिऊन "चांगलंय" म्हणालीस. मला ते टोमण्यासारखं टोचायचं. आता वाटतं, टोमणा नसावाच. वहिनीच्या डोक्यावरचा हंडा उतरला, याचा तुला खरोखरच आनंद झाला असेल. तुझं काय गेलं ते बाजूला ठेवून तू तेवढं बघू शकलीस. मी नसतो बघू शकलो. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, शकू, आणि तेच मला सोसत नाहीत.

खोलीत आता तुझा ड्रम नाही. डब्याएवढं नवीन यंत्र आहे, कागद नाही, शाई नाही. फरहीन चार-सहा महिन्यांनी येऊन बघून जाते. दाराआडचा खिळा मात्र तसाच आहे.

काल सकाळी आठला, कागद बदलायच्या वेळेला, मी वही घेऊन तिथं गेलो. पाटावर बसलो. अक्षर आता पूर्वीसारखं येत नाही. तुझ्या ओळीसमोरच्या कोऱ्या रकान्यात सही केली. कारभारी. पोरांना मी सांगायचो, उशिरा सही करणाऱ्यानं जुनी तारीख घालायची नाही, सही करतो त्या दिवसाची घालायची, म्हणजे किती उशीर झाला ते वाचणाऱ्याला कळतं. मी कालची तारीख घातली. आणि पान उघडं ठेवून वही खिळ्याला अडकवली.